जुन्या शिडाच्या बोटीच्या तारा: बेळगावात काय बनवायचं आणि काय विकत आणायचं

खानापूरकडच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. दोघा मित्रांनी मिळून गोव्यात एक २२ फुटी फायबरची शिडाची बोट घेतली. बोटीचं वय तिशीच्या पुढे, डोलकाठी अ‍ॅल्युमिनियमची. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा ४ मिलिमीटरच्या. त्यातल्या दोन तारांचे धागे खालच्या टोकाशी तुटून वर आलेत आणि एक टर्नबकल, म्हणजे तार ताणायचा दोन्हीकडे आटे असलेला स्क्रू, काही केल्या फिरत नाही. सगळा संच बाहेरून मागवला तर बोटीच्या किमतीच्या निम्मा खर्च होतो. म्हणून ते विचारतात, हे सगळं बेळगावच्या उद्यमबाग उद्योगवसाहतीत स्टेनलेसमध्ये करून घेतलं तर चालेल का? आणि करतोच आहोत तर ४ ऐवजी ५ मिलिमीटरची तार घालून कायमची काळजी मिटवावी का?

उत्तर देण्याआधी मी कुठून बोलतोय ते सांगतो, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे, लेथवर उभं राहून ३० वर्षं झाली. बेळगावला समुद्र नाही हे खरं, पण चोर्ला घाट उतरलं की गोवा, आणि तिकडच्या बोटवाल्यांना एखादी पिन, एखादा डाव्या आट्यांचा स्क्रू हवा असला की ते आमच्याकडे येतात. एकदा आलेला माणूस पुढच्या वेळी सोबत दुसऱ्याला घेऊन आला, असं करत करत मी बोटींवर चढायला लागलो. धातू मला धंद्यामुळे कळतो आणि बोट मला हातात पाना घेऊन कळते. शीड हाकायला सांगाल तर मी हमखास चुकीचा दोर ओढीन.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तुम्ही तारांबद्दल विचारलंय, कारण तार दिसते. धागा तुटला की हाताला टोचतो, मग माणूस घाबरतो. पण डोलकाठी उभी राहते ती एका साखळीच्या जोरावर. वर डोलकाठीवरचं फिटिंग, मग तारेचं वरचं टोक, तार, खालचं टोक, टर्नबकल, पिन, आणि शेवटी चेनप्लेट, म्हणजे डेकमधून खाली उतरून बोटीच्या अंगाला किंवा आतल्या प्लायवूडच्या भिंतीला बोल्टने धरलेली स्टेनलेसची पट्टी. यातली एकच कडी अशी आहे की तिचा महत्त्वाचा भाग कुणालाच दिसत नाही, आणि जुन्या बोटीत बहुतेक वेळा आधी तिचीच तब्येत बिघडलेली असते. ती कडी म्हणजे डेकच्या जाडीत अडकलेली चेनप्लेटची इंच-दीड इंच लांबी.

स्टेनलेस गंजत नाही हा समज आमच्या धंद्यातल्या लोकांचाही असतो. स्टेनलेसच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तो थर टिकवायला त्याला हवेतला ऑक्सिजन लागतो. उघड्यावर ओरखडा पडला तरी थर पुन्हा धरतो. पण डेकच्या फटीत खारं पाणी साचून राहिलं, वरून सीलंट फासलेलं, हवा पोचतच नाही, तिथे तो थर मरतो आणि धातू आतल्या आत कुरतडला जातो. वर चकचकीत, खाली चकचकीत आणि मधे दाढ किडावी तशी किडलेली पट्टी मी स्वतः काढली आहे. हातात घेऊन व्हाइसमध्ये धरली, हातोडीचा एक हलका टोला दिला आणि दोन तुकडे झाले. तिच्यावरची तार मात्र दोनच वर्षांपूर्वी नवी घातलेली होती.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर पैसे कशावरही खर्च करायच्या आधी सगळ्या चेनप्लेट काढल्या असत्या. सगळ्या. एक काढून बघतो, बरी निघाली तर बाकीच्या राहू देतो, असं करू नका. पाणी कुठल्या बाजूच्या फटीतून उतरलंय ते डेक सांगत नाही. काढायच्या आधी डोलकाठी उतरवून घ्या. एकेक तार सोडून त्या जागी दोर बांधून काम भागवणारे लोक आहेत, चालतंही, पण चेनप्लेट काढायची असेल तर वर उभी डोलकाठी आणि खाली तुम्ही, हे मला पसंत नाही.

आता चालेल का, या प्रश्नाचं उत्तर. ते अर्धं हो आणि अर्धं नाही असं आहे आणि त्यातला काही भाग बोट कुठे राहणार यावर अवलंबून आहे.

बोट गोव्यातल्या मांडवी किंवा झुवारी नदीत राहणार असेल तर खाऱ्या हवेचा हिशोब धरूनच चालायचं. उद्या तुम्ही ती हिडकल धरणाच्या पाण्यात आणून सोडलीत (परवानगी हा वेगळा विषय, त्यात मला ओढू नका) तर गोड्या पाण्यात हीच कामं बरीच सोपी होतात, स्टेनलेसचा साधा ३०४ ग्रेडही पुष्कळ वर्षं काढेल. पण बोट गोव्यातच ठेवणार असं तुमच्या बोलण्यावरून दिसतं, म्हणून पुढचं सगळं खाऱ्या पाण्याचं धरून लिहितो.

पट्ट्या, म्हणजे चेनप्लेट, त्यांच्या मागच्या बॅकिंग प्लेट, डोलकाठीवरचे साधे कान (तार अडकवायचे भोकाचे तुकडे), पिना हे बेळगावात उत्तम होतं. तार, तारेची टोकं आणि टर्नबकल विकत घ्या. आम्हाला टर्नबकल बनवता येत नाही असं नाही. अहो, या गावात हायड्रॉलिकचे पंप बनतात, टर्नबकल ती काय! पण एका बोटीसाठी सहा टर्नबकल बनवायचे म्हणजे डाव्या आणि उजव्या आट्यांचं सेटिंग वेगवेगळं. बोटींच्या टर्नबकलला आटे बहुधा यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक असतात, ४ मिलिमीटरच्या तारेला साधारण ५/१६ इंच आणि इंचाला २४ आटे. त्यातला डावा टॅप आधी शोधावा लागेल, मिळाला तर सहा नगांसाठी विकत घ्यावा लागेल. मग स्टेनलेसच्या बॉडीत स्टेनलेसचा स्क्रू फिरवताना दोन्ही एकमेकांना चिकटतात, तुमचा आत्ता झालाय तसाच जॅम होतो. चांगल्या कंपन्या म्हणूनच बॉडी ब्राँझची आणि स्क्रू स्टेनलेसचा ठेवतात. एवढं सगळं करून नग पडणार बाजारभावापेक्षा महाग, आणि त्याची ओढून चाचणी कुणी घेतलेली नसणार. कुणी म्हणेल, कास्टिंग करून घेऊ, फाउंड्रीचंच गाव आहे. नको. ओतीव कामात आत हवेचा बुडबुडा राहिला तर तो एक्सरे काढल्याशिवाय दिसत नाही, आणि या जागी झटके खाणारा ओढ असतो. बनवायचंच असेल ते पट्टीतून किंवा रॉडमधून कापून बनवा.

खरा घोळ होतो तो मालात. तुम्ही दुकानात जाऊन स्टेनलेसची पट्टी मागितलीत तर तुम्हाला २०२ मिळू शकते, ३०४ मिळू शकते, आणि ३१६ हवी म्हटल्यावर ‘हीच ती’ म्हणून पुन्हा ३०४ मिळू शकते. तिन्ही दिसायला सारख्या. फरक आत आहे. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठाच्या पाण्यात किडा लागू न देण्याचं काम तेच करतं. ३०४ मध्ये ते नसतं. २०२ मध्ये तर महागडं निकेल कमी करून मँगनीज भरलेलं असतं. कढईला ठीक, बोटीला नाही. लोहचुंबक लावून ओळखतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ३०४ आणि ३१६ दोन्ही मूळचे चुंबकाला चिकटत नाहीत, आणि वाकवून, ओढून थोडं काम केलं की थोडे थोडे चिकटायलाही लागतात. चुंबक इथे उपयोगाचं नाही.

हे मी शिकलो ते नुकसान सोसून. चेनप्लेटचं पहिलं मोठं काम आलं तेव्हा मी एका व्यापाऱ्याकडून ३१६ ची पट्टी घेतली, बिलावर तसं लिहूनही घेतलं, आणि सहा नग असे चकाचक बफिंग करून दिले की गिऱ्हाइकाने फोटो काढले. एक पावसाळा गेला. गडी परत आला तो प्लेट पिशवीत घालून. चहा सांडून वाळावा तसे डाग, आणि बोल्टच्या भोकांभोवती बारीक खड्डे. मी आधी दोष माझ्या ग्राइंडिंगला दिला, मग त्याच्या सीलंटला. शेवटी ओळखीच्या फाउंड्रीतल्या लॅबमध्ये तुकडा नेऊन स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय काय किती आहे ते सांगणाऱ्या मशीनवर मारला. मॉलिब्डेनम शोधून सापडेना. सहाही नग मी पदरचे पैसे घालून पुन्हा करून दिले. तेव्हापासून माझा नियम आहे: मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (माल कुठल्या घाण्यातला त्याचा क्रमांक) आणि पट्टीवरचा शिक्का जुळला पाहिजे, आणि तरीही कापलेल्या तुकड्यातला एक स्पेक्ट्रोवर गेला पाहिजे. आपल्याकडे फाउंड्रींमुळे ही सोय हाताशी आहे, ती वापरा. फक्त लॅबवाल्याला आधी विचारा, मशीनमध्ये स्टेनलेसचा प्रोग्रॅम आहे का. बिडाच्या कामासाठी लावलेल्या मशीनवर स्टेनलेसचे आकडे बरोबर येतीलच असं नाही.

माझ्या ग्राइंडिंगचा दोष तेव्हा नव्हता, पण असू शकला असता. उद्यमबागेतल्या हवेतच लोखंडाची धूळ आहे. ज्या चाकावर सकाळी माइल्ड स्टील घासलं त्याच चाकावर दुपारी स्टेनलेस घासलं, किंवा लोखंडी तारेच्या ब्रशने साफ केलं, तर लोखंडाचे कण स्टेनलेसच्या अंगात रुततात आणि तेच गंजतात. बघणाऱ्याला वाटतं स्टेनलेस गंजलं. म्हणून ज्याच्याकडून काम करून घ्याल त्याला सांगा: चाक नवं, ब्रश स्टेनलेसचा, टेबल पुसलेलं. थोडा कुरकुरेल, करील. काम झाल्यावर पॅसिव्हेशन करून घ्या, म्हणजे नायट्रिक किंवा सायट्रिक अ‍ॅसिडमध्ये बुडवून रुतलेलं लोखंड काढून टाकायचं. ते घरी करायच्या भानगडीत पडू नका.

प्लेट बनवताना जाडी जुन्या प्लेटची मोजा, पण किडलेल्या जागी नाही, चांगल्या जागी. वाकवायची असेल तर थंडच वाकवा, आणि आतली गोलाई निदान पट्टीच्या जाडीइतकी ठेवा. गॅसने लाल करून वाकवलं की काम सोपं होतं, पण ४५० ते ८५० अंशांच्या टप्प्यात क्रोमियम कार्बनशी जुळून बसतं आणि त्या पट्ट्यात गंजाला वाट मोकळी होते. वेल्डिंग टाळता येत नसेल तर ३१६ एल घ्या, त्यात कार्बन कमी असतो. भोक ड्रिलने थोडं कमी पाडून रीमरने मापात आणायचं, कडा मोडायच्या, आणि भोकाच्या मध्यापासून पट्टीच्या कडेपर्यंत भोकाच्या व्यासाच्या दीडपटीहून कमी धातू ठेवायचा नाही. शेवटची घासाई लांबीच्या दिशेने. आडव्या ओरखड्यातूनच चीर सुरू होते. हे आमच्या कारागिराला एकदा सांगितलं की पुरतं, कारण का ते त्याला लगेच कळतं.

इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दडलंय. ५ मिलिमीटरच्या तारेला पिन मोठी लागते, ५/१६ च्या जागी बहुधा ३/८ इंच. म्हणजे चेनप्लेटचं भोक मोठं करायचं, म्हणजे भोकाच्या कडेचा धातू कमी करायचा. डोलकाठीवरच्या कानांचंही तेच. एक कडी जाड करायला दोन कड्या बारीक केल्या! शिवाय डोलकाठीच्या टोकाशी वजन वाढतं ते वेगळंच. बोट कलते त्या वेळी वरचा प्रत्येक किलो तुमच्याविरुद्ध काम करतो.

आणि गरज तरी आहे का? ढोबळ हिशोब करू. तुमच्या बोटीचं वजन ११०० किलो धरा. ती कलल्यावर तिला सरळ करणाऱ्या तरफेचा हात ४० सेंटीमीटरचा धरला तर ११०० किलो गुणिले ०.४ मीटर, म्हणजे ४४० इतका मोमेंट (सरळ करणारा जोर) झाला. चेनप्लेट मधल्या रेषेपासून १.१ मीटरवर असेल तर ४४० भागिले १.१, म्हणजे वाऱ्याकडच्या बाजूच्या तारांवर ४०० किलोच्या आसपास ओढ येतो. ४ मिलिमीटरची १ गुणिले १९ तार (म्हणजे काय ते पुढे सांगतो) तुटते ती साधारण १४०० किलोच्या पुढे. म्हणजे तिपटीहून जास्त जागा आहे. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुमच्या बोटीचे थोडे इकडेतिकडे होतील, पण ज्याने ती बोट आखली त्याने ४ मिलिमीटर उगाच घातलेली नाही. तुमच्या तारा जाडी कमी पडून तुटलेल्या नाहीत. वय झालं म्हणून, आणि बहुतेक ढिल्या राहिल्या म्हणून तुटल्यात. त्याकडे पुन्हा येतो.

तार घेताना ‘१ गुणिले १९’ हे नीट सांगून घ्या. त्यात १९ जाड धागे एकाच पिळात असतात, ती कमी ताणली जाते. ७ गुणिले १९ ही मऊ, कप्पीवरून वळणारी तार वेगळी. बाजारात लवकर मिळते ती बहुतेक हीच. डोलकाठी ताणून धरायला ती घातली तर रबर बांधल्यासारखं होईल. बोअरवेलचा पंप टांगायला जी तार विकतात ती तर विचारातही घेऊ नका, आणि टोकाला यू-क्लॅम्प मारून गाठ घालायचा जुगाडही नको. शेतात ठीक आहे. इथे झटका दर लाटेला बसतो.

टोकांसाठी दोन वाटा. एक म्हणजे मशीनमध्ये दाबून बसवलेली स्वेजची टोकं. त्यासाठी मापं देऊन बोटीच्या दुकानातून तयार तारा आणाव्या लागतात. दुसरी म्हणजे स्टा-लॉकसारखी पाना लावून घट्ट करायची टोकं. ती महाग, पण तार बदलताना पुन्हा वापरता येतात आणि तुम्ही स्वतः बोटीवर बसून जोडू शकता. माझं मत विचाराल तर खाली स्टा-लॉक, वर स्वेज. कारण स्वेजचं टोक किडतं ते बहुधा खालच्या बाजूला. खालच्या टोकाचं तोंड वर असतं, तारेवरून ओघळणारं पाणी त्यात जाऊन बसतं. वरच्या टोकातून ते निथळून जातं.

जुन्या स्वेजमधली चीर डोळ्यांना दिसत नाही, पण त्याचा इलाज आपल्या गावात रोज होतो. डीपी टेस्ट, म्हणजे चिरेत शिरणाऱ्या रंगाची तपासणी. लाल रंग लावायचा, १०-१५ मिनिटं थांबायचं, पुसायचं, वरून पांढरा डेव्हलपर मारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. कास्टिंग तपासायला उद्यमबागेत हे सर्रास करतात, तुमच्या डोलकाठीवरच्या कानांना आणि जी फिटिंग परत वापरायची आहेत त्या सगळ्यांना करून घ्या. तारांचं मात्र तपासत बसू नका. खाऱ्या पाण्यात स्टेनलेसची तार १० ते १५ वर्षं धरतात. तुमच्या दोन तुटल्यात तर बाकीच्याही त्याच वयाच्या. सगळ्या बदला.

माप घेताना जुनी तार पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत, ताणून, सपाट जमिनीवर मोजा, आणि टर्नबकल अर्धा उघडा धरून हिशोब करा, म्हणजे पुढे घट्ट करायलाही जागा राहते आणि सैल करायलाही. जुनी तार वर्षानुवर्षं ताणलेली असते हे लक्षात ठेवा. उजवी-डावी, पुढची-मागची, प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी बांधा. आता हसाल, पण माझ्याकडे एकदा सगळ्या तारा एकाच गोणीत भरून आल्या होत्या, आणि कुठली कुठली ते ठरवायला अख्खा रविवार गेला.

आता डेक. चेनप्लेट काढल्यावर त्या फटीत स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून खुपसून बघा. जुन्या फायबरच्या डेकमध्ये वर-खाली फायबर आणि मधे बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड असतं. टोक सहज आत गेलं, काळपट ओला भुसा बाहेर आला, तर लाकूड कुजलंय. आजूबाजूला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणक आवाज म्हणजे बरं, भद्द आवाज म्हणजे कुजलेलं, आणि कुठपर्यंत ते पेन्सिलने आखत जा. विताएवढं निघालं तर फार नाही. डेकचा निम्मा भाग निघाला तर तो वेगळा संसार आहे, तेव्हा तार-बीर विसरा आणि आधी फायबरवाल्याशी बोला.

थोडंच असेल तर फटीभोवतीचं लाकूड आतल्या आत सेंटीमीटरभर कोरून काढायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि ती पोकळी घट्ट कालवलेल्या इपॉक्सीने भरायची. मग त्या इपॉक्सीत नवी फट पाडायची. बोल्टच्या भोकांचंही असंच: ८ मिलिमीटरचा बोल्ट असेल तर १२ चं भोक, कडेचं लाकूड कोरून काढा, भरा, आणि पुन्हा ८ पाडा. आता पाणी झिरपलं तरी लाकडाला लागत नाही. वर सीलिंगसाठी ब्युटाइल टेप, म्हणजे रबरासारखी चिकट पट्टी, मला आवडते. ती कधीच कडक होत नाही. पण एकदम आवळू नका. आज थोडं, उद्या थोडं, चार दिवसांनी थोडं, बाहेर आलेली कापून टाका. आणि आवळताना खालचा नट फिरवा, वरचा बोल्ट नाही. बोल्ट फिरवला की त्याच्याभोवती बसलेलं सील तुम्हीच फाडता.

हे काम पावसाळ्यात करायचं नाही, आणि इथेच तुमचं वेळापत्रक ठरतं. आपल्या खानापूर-जांबोटी पट्ट्यात पावसात कपडे वाळत नाहीत तिथे डेकमधलं लाकूड काय वाळणार, आणि गोव्यात तर त्याहून वाईट. बोट मे अखेरीला पाण्याबाहेर निघते तेव्हाच डोलकाठी उतरवा, चेनप्लेट काढा आणि फटींवर प्लॅस्टिक घट्ट बसवून पाणी आत जाणार नाही असं करा. धातूचं काम पावसात बेळगावात होऊ द्या. आमच्याकडे खंडेनवमीला मशिनांची पूजा होते, तोवर तुमच्या पट्ट्या तयार. मग ऑक्टोबरचं ऊन आहे, त्यात डेक वाळवा, इपॉक्सी भरा. दिवाळीनंतर डोलकाठी उभी करा.

डोलकाठी जमिनीवर आहे तोवर तिच्यावरची स्टेनलेसची फिटिंग काढून मागे बघा. पांढरी पावडर दिसली तर अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातंय. खाऱ्या पाण्यात स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम मरतं. साफ करून, मधे ड्युरालॅक किंवा टेफ-जेलसारखी पेस्ट लावून मगच परत बसवा. जॅम झालेले स्क्रू ताकदीने पिळू नका, तुटतील. गंज सोडवायचं तेल दोन दिवस टाकत राहा, थोडी ऊब द्या, मग इम्पॅक्ट ड्रायव्हर. कप्प्या, दोर वगैरे मी इथे घेत नाही, ते तुमचे तुम्हाला जमतील.

शेवटचा भाग ताणाचा, मघाशी मागे ठेवला होता तो. मालक लोक दोन प्रकारचे भेटतात. एक घाबरून तारा ढिल्या ठेवतात, दुसरे टर्नबकलला पाइप घालून पिळतात. माझा मदतनीस कन्नड आहे, तो मी पिळताना शेजारी उभा राहून ‘साकु, साकु’ (पुरे, पुरे) म्हणत असतो, आणि बहुतेक वेळा त्याचंच बरोबर असतं. ढिली तार जास्त वाईट, कारण वाऱ्यामागची तार लोंबते आणि दर लाटेला झटका घेऊन ताणते. बारीक तार ओढाने नाही, त्या झटक्यांनी थकून तुटते, तेही टोकाशी, जिथे तुमची तुटलीय.

किती ताण द्यायचा ते मोजायला महागडा गेज नको, व्हर्नियर पुरे. १ गुणिले १९ स्टेनलेस तार २ मीटर लांबीत १ मिलिमीटर ताणली गेली की तिच्या तुटण्याच्या ताकदीच्या ५ टक्के ओढ तिच्यावर आला, जाडी कुठलीही असो. तार हाताने नुसती सरळ झाली की २ मीटरची लाकडी पट्टी तिला लावा. वरचं टोक तारेला घट्ट बांधा, खालचं टोक मोकळं ठेवा आणि जिथे येतं तिथे तारेवर खूण करा. दोन्ही बाजूंचे टर्नबकल आळीपाळीने, दोन-दोन वेढे, आवळत जा आणि पट्टीचं टोक व खूण यांतलं अंतर मोजा. ३ मिलिमीटर म्हणजे १५ टक्के, तुमच्या तारेला २०० किलोच्या आसपास. वरच्या आडव्या काठ्यांच्या टोकावरून जाणाऱ्या बाजूच्या मुख्य तारांना एवढ्यावर थांबा. मग हलक्या वाऱ्यात बाहेर काढा, बोट २० अंश कलली असताना वाऱ्यामागची तार बघा. लोंबत असेल तर थोडं अजून, पण २० टक्क्यांच्या पुढे जुन्या बोटीत मी जात नाही; डेक वाकायला लागतं, केबिनचं दार अडकायला लागलं की समजा. नव्या तारा पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत बसतात, तेव्हा पुन्हा मोजा.

टर्नबकलच्या आट्यांना आधी लॅनोलिन ग्रीस लावा. प्रत्येक टर्नबकलखाली टॉगल, म्हणजे वळणारा सांधा, असू द्या, म्हणजे तार दोन्ही दिशांना हलू शकते आणि आटे वाकत नाहीत. पिन निसटू नये म्हणून तिच्यात घातलेल्या दोन पायांच्या कॉटर पिना पूर्ण मागे वाकवू नका, पाय थोडेच फाका आणि वरून टेप गुंडाळा. समुद्रावर घाईत काढायची वेळ आली तर पक्कडीने एका ओढीत निघाली पाहिजे.

चेनप्लेट मला दाखवायला आणणार असाल तर काढल्या काढल्या लगेच आणा, घाटात पाऊस धरायच्या आधी. फक्त एक करा: घासून, धुऊन, पॉलिश करून आणू नका. डाग जसेच्या तसे, सीलंट चिकटलेलं, भोकात माती अडकलेली, तशीच पोत्यात गुंडाळून आणा. पाणी कुठून शिरलंय ते त्या डागांवरूनच दिसतं.